सेंपरव्हायव्हमचा सहा वर्षांचा ताटवा हलवायचाय, गेल्या वेळी निम्मी रोपं गेली, आता काय करू?

अंगणातली_माती
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होईल पण सगळं नीट सांगितलं तरच तुम्हाला काही सांगता येईल म्हणून लिहितेय.

आमच्या अंगणाच्या दगडी कठड्याला लागून सेंपरव्हायव्हमचा (गुलाबाच्या आकाराचं, जाड पानांत पाणी साठवणारं रोप) ताटवा आहे, सहा वर्षांपूर्वी तीन रोपं लावली होती त्याची आता लहानमोठी धरून शंभरच्या वर झालीत, एकमेकांना इतकी चिकटून आहेत की खालची माती दिसत नाही. आता तो कठडा एका बाजूने कललाय आणि उतरवून परत रचावा लागणार आहे, म्हणजे ताटवा हलवल्याशिवाय इलाज नाही. काम सुरू व्हायला पाच आठवडे आहेत. वसंत अर्धा झालाय, गोठण्याच्या रात्री संपल्यात, दिवसा ऊन चांगलं असतं.

मला धास्ती वाटतेय ती अशी की यातलीच वीसेक रोपं मी मागच्या वर्षी बागेच्या दुसऱ्या कोपऱ्यात लावली होती. थंडी तोंडावर आली होती, जागा नवीन म्हणून चांगलं कुजलेलं कंपोस्ट भरपूर घातलं आणि रोज संध्याकाळी थोडं थोडं पाणी दिलं. हिवाळा सरेपर्यंत निम्म्याहून जास्त गेली. काही मानेशी, म्हणजे मुळं आणि पानं जुळतात तिथे, काळी पडून लिबलिबीत झाली आणि काही तर मातीवर सुटी पडलेली, हात लावला की हातात. मी म्हटलं थंडीने गेली, पण मूळ ताटवा त्याच थंडीत दोन महिने बर्फाखाली होता आणि त्याच्या केसालाही धक्का नाही लागला!

तर चुकलं काय, आणि आता कसं करू? पाणी लावल्या लावल्या द्यायचं की थांबायचं? काही रोपं काम होईपर्यंत कुंड्यांत ठेवणार आहे, त्यात तळाला खडे घालतात ना? आणि एक शेवटचं, मधलं सगळ्यात मोठं रोप मध्यभागी उंच व्हायला लागलंय, दांडा येणार असं दिसतंय. फुलं आली की ते मरतं म्हणतात, दांडा कापला तर वाचेल का? ते पहिल्या तिघांपैकी आहे असं मला वाटतं म्हणून जीव गुंतलाय.

खडीवाला
ताई, थंडीने नाही गेली, ओलीने गेली.

सेंपरव्हायव्हम मुळात डोंगरावरची, आल्प्स, पिरनीज, कार्पेथियन, कॉकेशस इकडची, खडकाच्या फटीत मूठभर मातीत वाढणारी. बर्फ त्यांना पांघरुणासारखा असतो, कोरडा असतो आणि आतलं तापमान फार खाली जाऊ देत नाही. उणे २० अंशही बहुतेक जाती सहन करतात, पण मुळाशी आणि मानेशी पाणी साचून राहिलं तर उणे २ ला सुद्धा कुजतात. तुमचा जुना ताटवा कठड्याला लागून आहे म्हणजे दगडाखालून पाणी आपोआप निघून जात असणार. नवीन कोपऱ्यात तुम्ही कंपोस्ट घातलं, ते स्पंजासारखं पाणी धरतं, वर रोज पाणी, वर थंडी म्हणजे वाळायला ऊन नाही. मान सडली. जी सुटी पडलेली मिळाली त्यांचं कारण मात्र वेगळं वाटतं. उशिरा लावली की मुळं धरायला वेळच मिळत नाही, मग माती रात्री गोठते तेव्हा फुगते आणि दिवसा वितळून खाली बसते, असं रोज झालं की बिनमुळाचं रोप हळूहळू वर ढकललं जातं आणि शेवटी उघडं पडतं. म्हणून कडक थंडीच्या आधी किमान सहा ते आठ आठवडे मुळं धरायला मिळाले पाहिजेत. आत्ता वसंतात हलवताय हे उत्तम, यापेक्षा चांगली वेळ नाही.

जागेचं आधी बघा. साधारण ३० सेंटीमीटर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा आणि मग तासाभरात पाणी किती उतरतं ते पट्टीने मोजा. अडीच सेंटीमीटरपेक्षा कमी उतरलं तर त्या जमिनीत सपाटीवर लावूच नका, १५-२० सेंटीमीटरचा उंचवटा करून त्यावर लावा. चिकण मातीत थोडी बारीक वाळू मिसळून सुधारते असं बरेच जण समजतात, मी पण समजायचो, पण तशाने ती आणखी घट्ट होते कारण वाळूच्या कणांमधल्या फटी चिकण माती बुजवून टाकते. वाळू घालायची तर भरड आणि भरपूर, त्यापेक्षा उंचवटा सोपा. उंचवट्यासाठी मी अर्धी साधी बागेची माती आणि अर्धी २ ते ५ मिलिमीटरची खडी घेतो, धुतलेली, भुकटी नसलेली. कंपोस्ट जवळजवळ नाही. जास्त खत मिळालं की पानं मोठी, मऊ, हिरवीगार होतात, रंग जातो आणि थंडीत पहिली तीच मार खातात.

उपटताना हाताने ओढू नका, ताटव्याच्या कडेने खुरपं आडवं घालून मातीसकट पोळीसारखा थर उचला. यांची मुळं फार खोल नसतात, ८-१० सेंटीमीटरच्या आत बहुतेक सगळं हाती लागतं. मग मांडीवर घेऊन सोडवत बसा. पिल्लाला आईशी जोडणारी दोरी वाळून तपकिरी झाली असेल तर ते पिल्लू स्वतःच्या मुळांवर आहे, ते लगेच वेगळं करता येतं. दोरी हिरवी, रसरशीत असेल तर आईसोबतच ठेवा. खालची वाळलेली पानं सगळी काढा, किडे आणि ओल दोन्ही तिथेच लपतात. लावताना रोप पुरायचं नाही, मान मातीवर राहील एवढंच बसवायचं, आणि पानांखाली सगळीकडे खडीचा बोटभर थर, म्हणजे मान कोरडी राहते. दोन रोपांत १०-१५ सेंटीमीटर सोडा, आत्ता विरळ दिसेल पण दोन वर्षांत भरून येतं.

तळाला खडे मात्र घालाच, त्याने निचरा होतो.

निवांत_माळी
खडीवाला दादांचं सगळं पटलं, फक्त शेवटचं वाक्य नाही. कुंडीच्या तळाला खडे घातल्याने निचरा वाढत नाही, उलट बिघडतो. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या फटींत आपणहून उतरत नाही, वरची माती पूर्ण भिजून थबथबल्यावरच ते खाली गळतं. म्हणजे जो ओला पट्टा एरवी कुंडीच्या अगदी तळाला असता तो खड्यांच्या थराएवढा वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. घरी करून बघा, भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा, गळायचं थांबलं की तोच स्पंज उभा करा, परत पाणी गळायला लागतं. याचाच अर्थ उंच कुंडीच्या वरच्या भागात कमी ओल राहते आणि उथळ कुंडीत जास्त. म्हणून उथळ ताटलीसारख्या कुंडीत लावायचं असेल, आणि सेंपरव्हायव्हम त्यातच शोभतात, तर मिश्रण आणखी भरड करा. मी दोन भाग प्यूमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) किंवा खडी आणि एक भाग माती घेतो. पाणी ओतलं की दोन-चार सेकंदांत खालून बाहेर यायला हवं, वर तळं साचलं तर मिश्रण चुकलं. भोकावर जाळीचा एक तुकडा बास, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता.

पाण्याचं सांगतो. ज्या रोपांची मुळं मातीसकट आली ती लावून एकदा नीट पाणी द्या, त्याने माती मुळांना बसते. ज्यांची मुळं तुटली किंवा तुम्हाला मान कापावी लागली त्यांना मात्र सावलीत कोरड्या कागदावर तीन-चार दिवस ठेवा, कापलेली जागा वाळून कडक झाली पाहिजे, मग कोरड्याच मातीत टेकवा आणि आठवडाभर पाणी नको. त्यानंतर दोन्हींना एकच नियम, वरची दोन बोटं माती कोरडी झाल्याशिवाय परत नाही, आणि रोज थोडं थोडं तर कधीच नाही.

दांड्याबद्दल वाईट बातमी आहे ताई. कापून वाचत नाही. वाढीचं टोकच फुलात बदललेलं असतं, त्या रोपाला पुढे पान काढायला जागाच उरत नाही. अगदी लवकर खुडलं तर कधीकधी कडेने एखाद-दोन फुटवे येतात, भरवसा धरू नका. पण ते रोप त्याआधी कितीतरी पिल्लं देऊन बसलेलं असतं आणि ती सगळी तेच रोप असतात, बियांची नव्हेत, त्याच देहाचे तुकडे. तुमच्या ताटव्यात ते आधीच वीसपंचवीस ठिकाणी आहे. फुलू द्या, मधमाश्या खूप येतात त्यावर. नंतर दांडा वाळला की मुळासकट हलकेच फिरवून काढा आणि त्या खळग्यात खडी भरा.

खडीवाला
स्पंजाचा प्रयोग आत्ता करून आलो. बरोबर आहे तुमचं. इतकी वर्षं खडे घालत होतो, माझी कुंडीतली रोपं जमिनीतल्यांपेक्षा नेहमी मागे का राहायची ते आज कळलं. ताई, तळाला खडे नका घालू.

रात्रपाळी
पाण्याची घाई का करायची नाही त्यामागचं कारण सांगते, कारण ते एकदा समजलं की हात आपोआप आखडतो. बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडी ठेवतात, हवा आत घेताना पाणीही उडून जातं. म्हणून साधं रोप हलवलं की तासाभरात मान टाकतं. या कुळातली झाडं छिद्रं रात्री उघडतात, तेव्हा हवा गार असते, पाणी फार उडत नाही. रात्रभर घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात पानात साठवतात आणि दिवसा दारं बंद करून तो वापरतात. बेंजामिन हाइने या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१५ मध्ये लिहून ठेवलंय की पानफुटीचं पान सकाळी चाखलं तर आंबट लागतं आणि दुपारपर्यंत चव जाते. चव घेऊन शोध लागला, मला हे फार आवडतं. सेंपरव्हायव्हम पानफुटीच्याच कुळातलं.

तर हलवल्यावर खालची एक-दोन ओळी पानं सुरकुतली तर घाबरू नका, ते रोप त्या पानांतलं पाणी काढून नवी मुळं करतंय. सुरकुतलेलं पान चालतं. पारदर्शक, पिवळट, दाबल्यावर फुटणारं पान म्हणजे पाणी जास्त झालं.

अंगणातली_माती
मंडळी काय सांगू, किती नीट सांगितलंत. खड्डा खणून बघितला, त्या दुसऱ्या कोपऱ्यात पाणी तासात जेमतेम एक सेंटीमीटर उतरलं! मी तिथे रोज पाणी घालत होते.

आज ताटव्याचा कडेचा एक तुकडा उचलून बघितला आणि एक नवीनच निघालं. बहुतेक रोपं छान मुळांची, पण एका बाजूची सात-आठ रोपं अलगद हातात आली, खाली मुळंच नाहीत, कुरतडल्यासारखी. मातीत पांढुरक्या जाडसर अळ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या, डोकं तपकिरी, पाय नाहीत. साधारण एक सेंटीमीटर. गेल्या वर्षीची सुटी पडलेली रोपं यांच्यामुळेच तर नाही ना गेली? आणि आता बाकीच्यांबरोबर या अळ्या नवीन जागी नेते की काय मी?

भुंगा_शोधक
पाय नाहीत म्हणालात त्यावरून सांगतो, व्हाइन वीव्हिल नावाच्या सोंडेवाल्या भुंग्याच्या अळ्या आहेत. दुसऱ्या भुंग्यांच्या अळ्याही वाकलेल्या असतात पण त्यांना पुढे सहा पाय दिसतात. हा भुंगा काळपट, उडता येत नाही, रात्री फिरतो आणि जवळच्या झाडांच्या पानांच्या कडा खाचाखाचांनी खातो, आसपासच्या रुंद पानांच्या झाडांना अशा खाचा आहेत का बघा. अळ्या उन्हाळ्याच्या अखेरीपासून वसंतापर्यंत मातीत असतात आणि सेडम, सेंपरव्हायव्हम ही त्यांची आवडती जेवणाची जागा. तेव्हा हो, मागच्या वर्षीची काही रोपं यांनीच खाल्ली असतील, ओलीने तीही आणि यांनी हीही, असं दोन्ही मिळून झालं असणार.

एकही रोप मातीसकट नेऊ नका मग. सगळी मुळं झाडून, बादलीभर पाण्यात हलवून धुवा आणि मुळांच्या जुडग्यात बोटाने चाचपा. काढलेली माती पातळ पसरून ठेवा, पक्षी येऊन अळ्या वेचतात. नवीन जागी पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी सूत्रकृमी सोडता येतात, सूक्ष्म जंत असतात ते, अळीच्या शरीरात शिरून तिला मारतात, मात्र माती ओलसर आणि ५ ते १० अंशांच्या वर असावी लागते, नेमकं किती ते पाकिटावर दिलेलं असतं कारण जातीजातीत फरक आहे. जी बिनमुळाची रोपं मिळाली ती टाकू नका, खालचं खाल्लेलं कापून स्वच्छ पांढरा गाभा दिसेपर्यंत या, वाळवा आणि निवांत_माळींनी सांगितलं तसं कोरड्या मातीवर टेकवा, दोन-तीन आठवड्यांत गुलाबी-पांढरी मुळं येतील.

अजून एक बघाल का. वसंतात काही रोपांची पानं अचानक लांबट, उभी आणि फिकट होतात आणि त्यावर नारिंगी फोड येतात. तांबेरा असतो तो, रोपाच्या आतपर्यंत गेलेला, धुवून जात नाही. असं एखादं दिसलं तर ते मातीसकट पिशवीत घालून बाहेर काढा, कंपोस्टमध्ये नको.

हातमोजे
मुळं धुतलीत तर मग ती "मातीसकट आलेली" राहिली नाहीत, म्हणून निवांत_माळींच्या हिशेबाने पाणी लगेच द्यायचं नाही, हे लक्षात ठेवा ताई. दिवसभर सावलीत सुकवा मग लावा.

माझ्याकडे याच पद्धतीने ओपुंशिया ह्युमिफ्यूजा म्हणजे थंडीत टिकणारा निवडुंग आहे. जागा मोठी असेल तर उंचवट्यावर तो लावाच, सेंपरव्हायव्हमला शोभतो आणि त्यालाही तीच खडी लागते. पहिल्या हिवाळ्यात मी तो जवळजवळ उपटून फेकला होता, कारण फड्या सुरकुतून, जांभळ्या पडून जमिनीवर आडव्या झाल्या, मेलाच असं वाटलं. नंतर कळलं की पेशींतलं पाणी कमी केलं की गोठून फुटायचा धोका टळतो म्हणून तो मुद्दाम स्वतःला सुकवतो. वसंतात फुगून उभा राहिला. हलवताना मोठ्या काट्यांपेक्षा ती बारीक केसासारखी कुसं जास्त छळतात, चामड्याच्या मोज्यात एकदा घुसली की मोजा टाकूनच द्यावा लागतो, त्यापेक्षा वर्तमानपत्राची जाड घडी करून फडीभोवती गुंडाळा किंवा चिमट्याने धरा. फडी तोडून लावायची तर आठ-दहा दिवस वाळवा, मगच.

ओसरी
मी इतके दिवस नुसती वाचत असते पण हे बघून विचारते, माझ्याकडे असंच गुलाबाच्या आकाराचं सक्युलंट आहे, निळसर, पानांवर पांढरी पावडर, तेही बाहेर जमिनीत लावलं तर थंडीत टिकेल ना?

निवांत_माळी
ओसरीताई थांबा, लावू नका. पावडरीवाली जाड पानं म्हणजे बहुतेक एकेव्हेरिया आहे, त्यातल्या बहुतेक जाती मूळच्या मेक्सिकोच्या आणि पाणी गोठायला लागलं की त्या संपतात. सेंपरव्हायव्हमची पानं जरा पातळ, टोकदार, आणि भिंगातून बघितलं तर कडेला बारीक केस दिसतात. फुलांवरून तर चूक होतच नाही, सेंपरव्हायव्हमचा दांडा बरोबर मध्यातून येतो, फुलं चांदणीसारखी उघडी, आणि मग ते रोप मरतं. एकेव्हेरियाचा दांडा कडेच्या पानांमधून येतो, फुलं घंटेसारखी आणि रोप जगतं. आणखी एक, एकेव्हेरियाचं गळलेलं पान मातीवर ठेवलं तर त्यातून रोप येतं, सेंपरव्हायव्हमचं पान ठेवून काही होत नाही, नुसतं वाळून जातं.

तुमचं रोप उन्हाळ्यात बाहेर ठेवा पण खिडकीतून थेट दुपारच्या उन्हात नको, दहा-बारा दिवस थोडं थोडं ऊन वाढवत न्या, नाहीतर पानांवर भाजल्याचे पांढुरके डाग पडतात आणि ते डाग पुन्हा जात नाहीत.

पावसाळी
एक उलट बाजू पण लिहून ठेवतो, हे वाचून कोणी उष्ण दमट हवेत सेंपरव्हायव्हमच्या मागे लागू नये म्हणून. मी दोनदा प्रयत्न केला. त्यांना गार रात्री आणि खरा हिवाळा लागतो, रात्रीसुद्धा गरम आणि हवा ओली असेल तर उन्हाळ्यात मध्यातून वितळतात, निचरा कितीही करा. अशा हवेत कोरफड, पानफुटी, शेर, घायपात ही खरी चिवट मंडळी. आमच्याकडे सलग महिनोन्महिने पाऊस असतो तेव्हा मी कोरफडीचे वाफे उतारावर करतो आणि पिल्लं पावसाच्या दीड-दोन महिने आधी वेगळी करून लावतो, जखमा कोरड्या हवेत भरून यायला हव्यात. महिना वेगळा असला तरी हिशेब तुमच्यासारखाच, ओल यायच्या आधी मुळं धरली पाहिजेत.

अंगणातली_माती
सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं, मधे सात आठवडे गेले, कठड्याचं काम पण झालं.

एकूण १३७ रोपं निघाली, मी मोजली! आठवडाभर रोज संध्याकाळी तेच, उचलायचं, धुवायचं, चाचपायचं, कागदावर मांडायचं. अळ्या चाळीसच्या वर सापडल्या. तांबेऱ्याचं एक रोप होतं, अगदी तुम्ही सांगितलं तसं उभं आणि फिकट, ते काढलं. उंचवटा १८ सेंटीमीटरचा केला, अर्धी माती अर्धी खडी, कंपोस्ट नाही. पहिले आठ दिवस पाणी न देता हात बांधून बसणं फार कठीण गेलं मला, रोज सुरकुतलेली पानं बघून पोटात गोळा यायचा, रात्रपाळीचं ते आंबट पानाचं आठवायचे आणि परत आत यायचे. नवव्या दिवशी पहिलं पाणी दिलं. आता मधली पानं घट्ट मिटलेली आहेत, एक-दोन रोपं हळूच हलवून बघितली तर जागची हलत नाहीत, म्हणजे धरलंय. पाच गेली, बाकी सगळी आहेत. बिनमुळाची आठ होती त्यातल्या सहांना मुळं आली.

मोठं रोप मी कापलं नाही. तेवढं एकट्यालाच अळ्या नीट तपासून उथळ कुंडीत लावलं आणि पायरीवर ठेवलं, तिथेच फुललं. हातभर दांडा, गुलाबी चांदण्या, सकाळी मधमाश्यांचा आवाज आत स्वयंपाकघरापर्यंत येतो. खालची पानं वाळायला लागलीत. त्याच्या अंगाला लागून आलेली चार पिल्लं मी बाकीच्यांत मिसळली नाहीत, रचलेल्या नवीन कठड्याच्या दोन दगडांमधल्या फटीत खडी भरून तिथे बसवलीत.

भुंगा_शोधक, सूत्रकृमी सोडायची वेळ आली की परत विचारीन, मातीचं तापमान मोजायला काय वापरता तेवढं सांगून ठेवा.